मेडिक्लेमचा हप्ता चालतो, मग दवाखान्याचं बिल का नाही?

जुलै आला की प्राप्तिकराचं रिटर्न भरताना घराघरांत हा प्रश्न निघतो. आईच्या ऑपरेशनला एवढे पैसे गेले, ते कुठे दाखवायचे? बहुतेकांना उत्तर मिळतं, ‘दाखवता येत नाहीत.’ हे उत्तर अर्धंच खरं आहे आणि त्याचं मूळ १९८६ मध्ये आहे.

त्या वर्षी सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम पॉलिसी बाजारात आणली. लोकांनी ती घ्यावी म्हणून त्याच वर्षीच्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्यात कलम ८०डी घातलं. वजावट, म्हणजे करपात्र उत्पन्नातून वगळायची रक्कम, होती ३,००० रुपयांपर्यंत, तीही चेकने भरलेल्या हप्त्यावर. म्हणजे हे कलम आजारपणाच्या खर्चासाठी आलंच नव्हतं, ते विम्याची सवय लावायला आलं होतं. पुढे मर्यादा वाढत गेल्या, पण बराच काळ हा पाया बदलला नाही. २००८ मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री चिदंबरम यांनी आईवडिलांच्या हप्त्यासाठी वेगळी १५,००० रुपयांची वजावट दिली. पगारातून म्हाताऱ्यांचा विमा भरणाऱ्यांना तो मोठाच आधार होता.

पण ज्यांना विमाच मिळत नव्हता त्यांचं काय? सत्तरी ओलांडलेल्या, साखर आणि रक्तदाब असलेल्या माणसाला नवी पॉलिसी मिळणं किती अवघड असतं, हे ज्याने प्रयत्न केलाय त्याला विचारा. ही अडचण कायद्याने फार उशिरा ओळखली. २०१५ मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री जेटलींनी ऐंशीच्या पुढच्या, विमा नसलेल्या व्यक्तींच्या प्रत्यक्ष उपचारखर्चाला ३०,००० रुपयांपर्यंत वजावट दिली. २०१८ मध्ये वय साठवर आणि रक्कम ५०,००० वर आली. माझ्या मते ८०डीच्या इतिहासातला हाच सर्वांत माणुसकीचा बदल, आणि नेमका हाच लोकांना माहीत नसतो.

त्यात एक मेख आहे: खर्च रोखीने केलेला चालत नाही. वडिलांच्या गोळ्यांची वर्षभराची बिलं आपण पाकिटात जपून ठेवतो. मार्चपर्यंत निम्म्या बिलांवरची शाई उडालेली असते, आणि उरलेल्यांवर ‘कॅश’ छापलेलं असतं. तीच औषधं यूपीआयने किंवा कार्डाने घेतली असती तर चालली असती. रोखीला मुभा आहे ती फक्त प्रतिबंधात्मक तपासणीला, ५,००० रुपयांपर्यंत आणि तीही एकूण मर्यादेच्या आतच.

नोकरदारांकडे पूर्वी आणखी एक वाट होती. मेडिकलची बिलं ऑफिसात दिली की वर्षाला १५,००० रुपयांपर्यंतची भरपाई करमुक्त मिळे. २०१८ मध्ये ती सवलत प्रवासभत्त्यासकट गेली आणि बदल्यात ४०,००० रुपयांची प्रमाणित वजावट (बिलं न दाखवता मिळणारी) आली. कर्करोग, पार्किन्सन अशा ठरावीक आजारांच्या उपचारखर्चाला वजावट देणारं कलम ८०डीडीबी मात्र वेगळं आहे.

२०२० मध्ये कमी दरांची नवी करप्रणाली आली आणि आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आपण काहीच निवडलं नाही तर तीच लागू होते. तिच्यात ८०डी नाही, ८०डीडीबीही नाही. म्हणून घरात विमा नसलेले वृद्ध आईवडील असतील तर रिटर्न मुदतीत भरा आणि त्याआधी दोन्ही प्रणालींत कर काढून बघा. पगारदार आणि पेन्शनरांना ही निवड दरवर्षी नव्याने करता येते.