टाइप-सी आहे म्हणजे वेगवान आहे, हा गैरसमज

"पोर्ट टाइप-सी आहे ना, मग एसएसडी सुसाट चालणारच." एसएसडीबद्दल (चिपवर डेटा साठवणारी डिस्क) हे वाक्य दुकानात, ऑफिसात, घरात सर्रास ऐकू येतं. पण ते खरं नाही. टाइप-सी हे फक्त खाचेच्या आकाराचं नाव आहे, वेगाचं नाही. २०१४ साली आलेल्या या आकारातून सेकंदाला ४८० मेगाबिटचं जुनं यूएसबी २.० सुद्धा धावतं आणि ४० गिगाबिटचं थंडरबोल्ट हे जलद जोडणीचं तंत्रही.

बहुतेक वेळा घोळ केबलचा असतो. माझ्या टेबलावर दोन केबल आहेत, दिसायला अगदी जुळ्या बहिणी. एक मोबाईलच्या चार्जरची, दुसरी एसएसडीसोबत आलेली. पहिलीत जलद डेटाच्या तारांच्या जोड्याच नसतात. तिने एसएसडी जोडली की कॉपीची पट्टी सेकंदाला ४० एमबीच्या (मेगाबाइट; एक बाइट म्हणजे ८ बिट) आसपास रेंगाळते. १०० जीबीचे लग्नाचे व्हिडिओ हलवायला पाऊण तास लागतो. दुसरी केबल १० गिगाबिटच्या पोर्टला लावा, चांगली एसएसडी हेच काम दोन-तीन मिनिटांत उरकते. लोक मात्र एसएसडीच खराब म्हणून परत करायला निघतात, याचं फार वाईट वाटतं.

फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल तर महागडी केबल घेऊ नका. तिची स्वतःचीच धाव सेकंदाला दीडशे एमबीच्या आत-बाहेर असते, तिला ५ गिगाबिटचं पोर्ट भरपूर झालं.

खरेदीआधी पोर्टशेजारी ५, १०, २० किंवा ४० असा आकडा छापलाय का ते बघा. नसेल तर मदरबोर्डची (संगणकाच्या मुख्य बोर्डची) पुस्तिका उघडा.