समावेशकता-चर्चा (नागपूर)

समावेशकता-चर्चा : जात, धर्म, लिंग, अपंगत्व, बोली किंवा लैंगिकता यांमुळे कोणाला दाराबाहेर राहावे लागते आणि कोणाला आत येऊनही कोपऱ्यात बसावे लागते, याविषयी एकत्र काम करणाऱ्या किंवा एकत्र राहणाऱ्या माणसांनी केलेली उघड बोलणी. कंपन्यांच्या एचआर विभागांत ती ‘डायव्हर्सिटी अँड इन्क्लुजन’ या नावाने ओळखली जाते. नागपुरात शब्द नवा असला तरी प्रश्न फार जुना आहे आणि शहराने तो स्वतःच्या भाषेत अनेकदा मांडला आहे.

जाईबाई चौधरी (१८९२–१९६४) यांचे उदाहरण येथे आधी घ्यायला हवे. अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या या बाई पोटासाठी ओझी वाहत. त्यांना लिहिता-वाचता येते हे पाहून एका मिशनरी बाईंनी त्यांना शाळेत शिक्षिका नेमले. त्यांची जात कळताच सवर्ण पालकांनी शाळेवर बहिष्कार टाकला. जाईबाईंची नोकरी गेली आणि डोक्यावर पुन्हा ओझे आले. पुढे त्यांनी नागपुरात संत चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. या विषयातला मुख्य धडा या एका नोकरीत आहे. नेमणूक झाली होती, पण आधीपासून आत असलेले लोक कुरकुरले तेव्हा संस्था कोणाच्या पाठीशी उभी राहणार, हे कोणी ठरवलेले नव्हते. आजच्या धोरणांत भरतीचे आकडे असतात. त्या कुरकुरीचे काय करायचे, हे क्वचित लिहिलेले असते.

कारखान्यांतही हेच होते. मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीच्या साचाखात्यात (विणकाम विभागात) अस्पृश्य कामगारांना घेत नसत, कारण सुताची कांडी बदलताना धोट्यातून (मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातून) सुताचे टोक तोंडाने ओढावे लागे आणि त्यामुळे विटाळ होतो असे इतर कामगार मानत. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा मुद्दा कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. माणसाला कामावरून दूर ठेवायला एक ओले सूत पुरे होते. नागपूरलाही गिरणीची परंपरा मोठी (एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली), आणि बाबासाहेबांच्या चळवळीचा पाया या शहरात कष्टकरी वस्त्यांनीच घातला. जुलै १९४२ मध्ये नागपुरात दलित वर्गाची अखिल भारतीय परिषद भरली. तिच्याच जोडीने २० जुलैला महिला परिषद झाली. तिथे बाबासाहेबांनी समाजाची प्रगती त्यातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्याचे माप सांगितले. १४ ऑक्टोबर १९५६ ला त्यांनी लाखो अनुयायांसह येथेच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.

त्या दिवशी विजयादशमी होती, आणि याचा कामाच्या ठिकाणाशी आजही थेट संबंध येतो. दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा होते, झेंडूची तोरणे लागतात. त्याच दिवशी अनेक कामगार दीक्षाभूमीवर जातात. सुट्टीची पाळी कशी लावायची, पूजेला न थांबणाऱ्याची गैरहजेरी मनात धरायची का, सकाळी ‘जय भीम’ म्हणणाऱ्याला तितक्याच सहज उत्तर मिळते का, असे साधे प्रश्न विचारले की चर्चा खरी होते.

वैविध्य-धोरणांचे साचे बहुतांशी परदेशातून आले. त्यांत वंश असतो, लिंग असते, जात बहुधा नसते. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आहे, तरी जातीची चौकशी सुरूच राहते, फक्त आडवळणाने. ‘पूर्ण नाव काय?’, ‘मूळचे कुठले?’, ‘राहता कुठे?’ शेवटच्या प्रश्नाला इंदोरा (नागपुरातली दलित-बौद्ध वस्ती) असे उत्तर आले की धरमपेठ या सुखवस्तू भागापेक्षा वेगळी शांतता पडते. खोली भाड्याने देतानाही हेच प्रश्न येतात, शिवाय स्वयंपाकघरात काय शिजणार तेही विचारले जाते. कार्यालयात सगळ्यांचे कप एका ट्रेमध्ये आणि सफाईच्या मावशींचा कप खिडकीत वेगळा, हे दृश्य पाहिलेले लोक कमी नाहीत. तो तिथे कोणी ठेवला, हे कोणालाच आठवत नसते. दोन तासांच्या प्रशिक्षणापेक्षा त्या कपाबद्दल विचारलेला एक प्रश्न मोलाचा असतो. मावशी कंत्राटी असल्याने त्यांना प्रशिक्षणाला बोलावतही नाहीत.

कायदा मात्र कंत्राटी कामगाराला वगळत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा कंत्राटी, रोजंदारी आणि शिकाऊ स्त्रियांनाही लागू आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी, तिच्या अध्यक्ष वरिष्ठ पदावरील स्त्री हव्यात आणि निम्म्या तरी सदस्य स्त्रिया हव्यात. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले, सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के आरक्षण ठेवले आणि प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करायला सांगितले.

बोलीचा प्रश्न लहान वाटतो, पण मिटिंगमध्ये तो रोज येतो. ‘मी करून राहिलो ना भाऊ’ असे कोणी म्हटले की पुण्या-मुंबईकडचे सहकारी हसतात. पुढच्या वेळी तो माणूस गप्प बसतो किंवा हिंदीत बोलतो. विदर्भ मराठी राज्यात येण्यासाठी नेत्यांनी केलेल्या १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात सरकारी नोकऱ्या देऊ केल्या होत्या. बोलीच्या मानाबद्दल कोणताच करार होत नसतो, तो टेबलाभोवतीच्या माणसांनी करायचा असतो.

तृतीयपंथी व्यक्तींच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१९ च्या कायद्याने प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक केले. नागपुरात सारथी ट्रस्ट या समुदायासाठी काम करते. अर्जावर तिसरा रकाना छापणे सोपे असते. रुजू झालेल्या व्यक्तीने पहिल्या दिवशी कोणते स्वच्छतागृह वापरायचे आणि हजेरीपटावर तिचे कोणते नाव लिहायचे, हे ती येण्याआधी कोणीतरी ठरवून ठेवावे लागते.