अर्धशिशीत मानेवरचे उपचार: काय साधतं, काय नाही

अर्धशिशीच्या बहुतेक रुग्णांची मानही दुखते. त्यामुळे दुखणं मानेतूनच वर चढतं असं वाटणं साहजिक आहे, पण पुष्कळदा क्रम उलटा असतो. डोकं दुखू लागण्याच्या काही तास, कधी एकदोन दिवस आधीच मेंदूत अर्धशिशीच्या झटक्याची सुरुवात झालेली असते. सतत जांभया येणं, चिडचिड होणं, तसंच मान आखडणं हेही तिचं पूर्वलक्षण असू शकतं.

तरीही मानेवर हातांनी काम करण्याला आधार आहे. कपाळ, डोळे आणि मेंदूची आवरणं यांच्याकडून येणारे वेदनेचे संदेश ट्रायजेमिनल मज्जातंतूतून मेंदूच्या देठात उतरतात. मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंचे संदेशही तिथल्याच पेशींपर्यंत पोचतात. म्हणून वरच्या मणक्यांमधला त्रास डोळ्यामागे जाणवू शकतो. मानेकडून येणारे संदेश कमी झाले, तर त्या पेशींवरचा भार हलका व्हावा, ही या उपचारामागची अपेक्षा. अर्धशिशीची मूळ प्रवृत्ती मात्र हातांनी बदलत नाही.

सुरुवात तपासणीने व्हावी. रुग्णाला उताणं झोपवून त्याची मान पुढे पूर्ण वाकवतात आणि त्याच स्थितीत डोकं एकेका बाजूला वळवतात. निरोगी मान दोन्हीकडे साधारण ४४ अंश वळते. ती ३२-३३ अंशांच्या अलीकडेच अडली, तर पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यामधला सांधा आखडल्याचा संशय घ्यावा. मग वरच्या मणक्यांवर अंगठ्याने हळू दाब देऊन नेहमीची डोकेदुखी जागी होते का, हे पाहतात. ती जागी झाली आणि दाब तसाच ठेवल्यावर दीडेक मिनिटात ओसरू लागली, तर तिथे काम करून पाहण्यासारखं आहे. पण ती जागी झाली म्हणून आजाराचं मूळ मानेत आहे, असं ठरत नाही. संदेशांची वाट सामाईक असल्यावर हे होणारच.

कवटीच्या मागच्या कडेखालच्या लहान स्नायूंसाठी थेरपिस्ट बोटांची टोकं वर करून त्यांवर रुग्णाच्या डोक्याचा भार तीन ते पाच मिनिटं रेलू देतो. इथे जोर लावला की स्नायू उलट आवळतात. कानामागून गळ्याकडे उतरणारा स्नायू चिमटीत धरून सैल करावा, खाली दाबू नये, कारण त्याच्याखाली मेंदूला रक्त नेणारी कॅरोटिड धमनी आहे.

हातांनी मिळालेला मोकळेपणा टिकवायचा तर मानेच्या आतल्या स्नायूंना बळ हवं. त्यासाठी उताणं झोपून मानेखाली हवेची दाबमापक पिशवी ठेवतात आणि ती पाऱ्याच्या २० मिलिमीटर दाबापर्यंत फुगवतात. ‘हो’ म्हणताना हलवतो तशी मान किंचित हलवून दाब २२ वर न्यायचा आणि १० सेकंद धरायचा. असं १० वेळा जमलं की २४, मग २६, अशा पायऱ्यांनी ३० पर्यंत. गळ्याचे वरवरचे स्नायू दोरीसारखे उठले किंवा श्वास रोखला गेला, तर पायरी जड झाली, एक उतरावी. व्यायामाचा हा भाग सर्वाधिक टाळला जातो, आणि तो टाळणं चूक आहे.

झटका चालू असताना खोल दाब देऊ नये. त्या वेळी केस विंचरणंही अनेकांना सोसत नाही आणि दाबाने दुखणं भडकू शकतं.

मान झटक्याने वळवून ‘कडक’ आवाज काढण्याला आमचा स्पष्ट विरोध आहे. त्यामुळे क्वचित मानेतल्या धमनीचा आतला थर फाटून पक्षाघात होतो, आणि अर्धशिशीच्या रुग्णांत धमनी फाटण्याचा धोका मुळातच थोडा जास्त असतो. नॉर्वेतल्या २०१७ च्या चाचणीत १०४ रुग्ण होते. खरी कायरोप्रॅक्टिक (मणक्यांना हातांनी झटका देण्याची) हाताळणी झालेल्या आणि नुसती लुटुपुटूची हाताळणी झालेल्या, अशा दोन्ही गटांत त्रासाचे दिवस घटले, म्हणजे मान झटक्याने वळवण्याचा वेगळा लाभ दिसला नाही. क्षणात शिगेला पोचलेली डोकेदुखी, मानेत अचानक उठलेली अनोळखी कळ, बोबडी वळणं, एका बाजूचा अशक्तपणा, यांपैकी काहीही दिसलं तर उपचाराच्या टेबलावर न झोपता थेट रुग्णालयात जावं.

उपचाराआधी चार आठवडे डोकेदुखीचे दिवस आणि गोळ्या नोंदवून ठेवाव्यात. अर्धशिशी आपसूकही वरखाली होते, त्यामुळे नोंद नसेल तर फरक कशाने पडला ते कळत नाही. सहा ते आठ सत्रांनंतरही आकडे हलले नाहीत, तर हा उपचार थांबवावा. तीन महिन्यांहून अधिक काळ महिन्याला १५ किंवा अधिक दिवस साध्या वेदनाशामक, किंवा १० किंवा अधिक दिवस ट्रिप्टान (अर्धशिशीवरच्या खास) गोळ्या घेतल्या जात असतील, तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखत असू शकतं. तेव्हा आधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या कमी कराव्या लागतात.