टोकन देण्याआधी हे वाचा : सर्च, एस्क्रो आणि टायटल इन्शुरन्स

"टोकन दिलंय, शनिवारी साठेखत आहे, तेवढा सर्च रिपोर्ट उद्यापर्यंत द्या." घर-जमिनीच्या मालकीचा जुन्या नोंदींतून शोध घ्यायचा, म्हणजेच सर्च करायचा, हे आमचं काम, आणि आमच्याकडचे बरेचसे फोन असेच सुरू होतात. उद्यापर्यंत तो होत नाही. शिवाय टोकन गेल्यावर सर्चचा उपयोग अर्धाच उरतो. रिपोर्टमध्ये काही निघालं, तर विकणारा म्हणतो, "पैसे परत देईन असं मी कुठे म्हटलं होतं?" पावतीवर तसं लिहिलेलं नसतं. कित्येकदा पावतीच नसते, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट असतो.

दुसरा प्रश्न ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांचा : "तिकडे एस्क्रो असतं, टायटल इन्शुरन्स असतो, मग आपल्याकडे का नाही?" प्रश्न रास्त आहे. कॅलिफोर्नियात घर घेणारा इसाराची रक्कम विकणाऱ्याच्या हातात देत नाही, ती एस्क्रो कंपनीकडे राहते. ठरलेल्या अटी पुऱ्या झाल्या की मगच पैसे सुटतात, आणि विकणाऱ्याचं कर्ज असेल तर तेही त्यातूनच आधी फिटतं. टायटल इन्शुरन्स वेगळा. मागच्या मालकीतला लपलेला दोष, म्हणजे खोटी सही किंवा राहून गेलेला वारस, नंतर उघडकीला आला तर विमा कंपनी पॉलिसीच्या मर्यादेत नुकसान सोसते. हप्ता एकदाच, खरेदीच्या वेळी. पण पॉलिसी देण्याआधी तीही सर्चच करते आणि त्यात सापडलेले दोष पॉलिसीतून वगळते! म्हणजे विमा असला तरी सर्च काही टळत नाही.

आपल्याकडे बिल्डरच्या प्रकल्पांसाठीच्या रेरा कायद्याने (2016) यातलं थोडं आणलं आहे. ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले 70 टक्के बिल्डरला वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि ते जमीन व बांधकामावरच खर्च करता येतात. करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. कलम 16 मध्ये टायटल विम्याचीही तरतूद आहे, पण तो काढायचा बिल्डरने, प्रकल्पासाठी. जुना फ्लॅट किंवा गावाकडची जमीन घेताना यातलं काहीच तुमच्या बाजूला नसतं. तिथे पैसे थेट विकणाऱ्याच्या खात्यात जातात, म्हणून ते जाण्याआधी शोध हवा.

त्याला आठवडा-दीड आठवडा का लागतो? नोंदणी कार्यालय दस्त नोंदवून घेतं, मालकीची हमी देत नाही. सातबारा ही महसुली नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. त्यामुळे सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांची यादी, वर्षागणिक पाहावी लागते, तीही 30 वर्षांची, कारण गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याची मुदतच 30 वर्षं आहे. पुण्याच्या एकट्या हवेली तालुक्यात दुय्यम निबंधकांची (नोंदणी अधिकाऱ्यांची) वीसहून जास्त कार्यालयं आहेत आणि दस्त त्यांतल्या कुठल्याही एकात नोंदलेला असू शकतो. जुन्या सूची पुस्तकांतच आहेत, काहींची पानं फाटलेली. ज्या वर्षाचं पान मिळालं नाही, ते वर्ष आम्ही रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहितो. काहींना ते रुचत नाही, त्यांना नुसतं "क्लिअर" लिहून हवं असतं. ते आमच्याकडे मिळणार नाही.

शोधात सगळ्यात जास्त काय सापडतं? बहिणी. वडिलांच्या पश्चात फेरफारावर भावांचीच नावं चढलेली असतात, "आम्हाला काही नको" असं बहिणींनी तोंडी सांगितलेलं असतं किंवा तलाठ्यापुढे जबाब दिलेला असतो. तो जबाब म्हणजे हक्कसोडपत्र नव्हे. हक्कसोडपत्र नोंदवलेलंच लागतं, आणि वडिलोपार्जित मिळकतीत हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. हे हक्कसोडपत्र टोकनच्या आधी मागितलं तर विकणारा धावपळ करतो, नंतर मागितलं तर ती तुम्हाला करावी लागते.

मग येतं कर्ज. मूळ कागद बँकेत ठेवून घेतलेल्या कर्जाची नोटीस महाराष्ट्रात 2013 पासून 30 दिवसांत नोंदणी कार्यालयात द्यावी लागते, म्हणून ते शोधात दिसतं. त्याआधीचं कर्ज तिथे दिसेलच असं नाही. आम्ही झेरॉक्सवर काम न करता मूळ दस्त दाखवा असा हट्ट धरतो, तो यासाठी. एजंट मंडळी त्याला आमचा खडूसपणा म्हणतात.

घर हातचं जाईल अशी धास्ती असेल, तर टोकन द्या, पण रक्कम लहान ठेवा, चेकने द्या, आणि इसार पावतीत लिहून घ्या की 30 वर्षांच्या शोधात मालकी निर्वेध न आढळल्यास रक्कम अमुक दिवसांत परत मिळेल. विकणारा या एका ओळीवर सही करायला कां-कूं करू लागला, तर सर्चच्या आधीच बरंच काही कळलं. शोधाचं काम आमच्याकडे दिलंत, तर या पावतीचा मसुदा आम्ही वेगळे पैसे न घेता करून देतो.

येताना पहिल्या खरेदीपासूनचे सगळे करारनामे सूची 2 सह आणा, फक्त शेवटचा नको. फ्लॅट असेल तर सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, जमीन असेल तर सातबारा आणि त्यावर लिहिलेले सगळे फेरफार. आमची फी आधी सांगतो. सरकारी शोध शुल्क वेगळं, त्याची पावती रिपोर्टला जोडलेली असते.