कोकणातील किनारी भूवापर नियोजन

समुद्र, खाडी किंवा नदीमुख यांच्या काठच्या गावाने आपल्या हद्दीतली कोणती जमीन वस्तीला, कोणती शेती-बागायतीला, कोणती होड्या ओढायला व मासळी वाळवायला द्यायची आणि कोणती मोकळी राखायची, हे किनाऱ्याची धूप व पाण्याची शुद्धता ध्यानात घेऊन ठरवणे म्हणजे किनारी भूवापर नियोजन. कोकणात या विषयाचा गाभा एका विसंगतीत आहे. कायदा किनारा मोजतो तो भरतीच्या रेषेपासून जमिनीकडे. किनाऱ्याला बरेवाईट करणारे पाणी मात्र सड्यावरून, म्हणजे गावामागच्या उंच कातळी पठारावरून, खाली येते. त्यामुळे नियमांचे काटेकोर पालन होऊनही खाडी गढूळ आणि विहीर मचूळ होऊ शकते.

भूरचना आणि पाणी : महाराष्ट्राचा किनारा जुन्या मोजणीनुसार सुमारे ७२० किमी. लांबीचा आहे. सह्याद्री आणि समुद्र यांच्यातली पट्टी अरुंद असल्याने नद्या आखूड व वेगवान आहेत. सावित्री बाणकोटच्या, वाशिष्ठी दाभोळच्या, तर शास्त्री जयगडच्या खाडीतून समुद्राला मिळते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत वर्षाला सुमारे ३,००० मिमी. पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. दक्षिण कोकणातले किनाऱ्यावरचे गाव बहुधा एका उतारावर वसलेले असते. माथ्याला जांभ्याचा सडा, त्याखाली झाडीचा उतार, मग वाड्या आणि आगरे (नारळी-पोफळीच्या बागा), पुढे मळे, शेवटी पुळण (वाळूचा किनारा) किंवा खाडीचे खाजण (भरतीच्या पाण्याखाली जाणारी चिखलाची जमीन). सड्यावर माती थोडी. म्हणून महसुली दप्तरात तो पोटखराबा (लागवडीस अयोग्य जमीन) म्हणून पडून राहतो आणि पाहणाऱ्याला ओसाड वाटतो. प्रत्यक्षात जांभा सच्छिद्र असल्याने सड्यावरच्या भेगांतून आणि खळग्यांतून मुरलेले पाणीच उताराच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. गावची तळी, पऱ्ये (ओहोळ) आणि बारमाही विहिरी या झऱ्यांवर चालतात. सिंधुदुर्गातली वायंगणाची उन्हाळी भातशेतीही याच पाण्यावर उभी राहते. सडा यंत्राने सपाट केला, चिऱ्याच्या खाणीसाठी खोल खणला किंवा उतारावरची झाडी एकदम तोडली, तर मुरणारे पाणी वाहू लागते आणि ते माती घेऊन वाहते. ती माती खाडीत साठते. म्हणून सड्याची जमीन किनाऱ्यापासून कितीही दूर असली तरी तिचा विचार किनाऱ्याच्या आराखड्यातच व्हायला हवा.

पुळणीलगतच्या विहिरींचे गणित आणखी नाजूक असते. वाळूतले गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या जितकी वर, तिच्या साधारण चाळीस पट खोलीपर्यंत गोडे पाणी टिकते, असा भूजलशास्त्रातला ठोकताळा आहे. याचाच अर्थ, उपशामुळे पातळी एक हात खाली गेली तर खारे पाणी खालून बरेच वर चढते. रहाटाने पाणी काढण्याच्या काळात हा तोल सहसा ढळत नसे. विद्युतपंप, कूपनलिका आणि पर्यटकांसाठी बांधलेल्या खोल्यांची पाण्याची गरज यांमुळे तो ढळतो. एकदा मचूळ झालेली विहीर पुन्हा गोडी व्हायला उपसा थांबवून अनेक पावसाळे वाट पाहावी लागते.

खारबंदिस्ती : गावाने एकत्र येऊन किनाऱ्याची जमीन कशी वापरायची हे ठरवल्याचे कोकणातले सर्वांत जुने आणि सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण खारभूमीचे, म्हणजे भरतीचे पाणी अडवून लागवडीखाली आणलेल्या जमिनीचे, आहे. रायगड जिल्ह्यात अलिबाग, पेण, उरण या भागांत खाडीच्या चिखलात मातीचे बांध घालून भरतीचे पाणी अडवले जाते आणि आत भाताची शेती केली जाते. बांधातल्या उघाडीचे (पाणी सोडण्याच्या वाटेचे) दार भरतीच्या दाबाने मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते, त्यामुळे पावसाचे पाणी बाहेर जाते आणि उधाणाचे आत येत नाही. पावसाने जमिनीतला खार धुऊन निघाला की खार सोसणारे भात लावतात. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पुढे याच गरजेतून भाताचे नवे वाण विकसित केले. बांध एका शेतकऱ्याचा नसतो. तो एका ठिकाणी फुटला तरी आतले सगळे शिवार खारावते, म्हणून त्याची डागडुजी सगळ्यांनी मिळून करण्याची रीत पडली. ही एकजूट केवळ बांधापुरती नव्हती. खोतीविरुद्ध, म्हणजे खोतांच्या जमीनदारीविरुद्ध, १९३३ मध्ये सुरू होऊन १९३९ पर्यंत चाललेला चरीचा शेतकरी संप अलिबाग तालुक्याच्या याच खारपट्ट्यात झाला.

पुढे १९४८ चा मुंबईचा खारभूमी कायदा आणि १९७९ चा महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम यांनी बांधांची जबाबदारी बव्हंशी शासकीय यंत्रणेकडे आणली. बांध पक्के झाले, पण त्यांच्याकडे रोज लक्ष ठेवणारी माणसे हळूहळू दूर झाली. बांधाला खांड (भगदाड) पडली आणि ती वेळेवर बुजली नाही, तर शेतात भरतीचे पाणी खेळू लागते, त्याबरोबर तिवराचे बी येते आणि काही वर्षांत भातशेताचे कांदळवन, म्हणजे खारफुटीचे वन, होते. कांदळवनाला कायद्याचे कडक संरक्षण असल्याने शेतकऱ्याला ती जमीन पुन्हा लागवडीखाली आणता येत नाही. सातबाऱ्यावर भातशेती आणि जागेवर वन, अशी ही स्थिती आहे. यात वनाचा दोष नाही; बांधासमोरची तिवर आणि चिप्पी ही खारफुटीची झाडे लाटांचा जोर मोडतात आणि बांधाचेच रक्षण करतात. बांधाच्या बाहेर खारफुटी आणि आत भात ही वाटणी जुन्या खारपट्ट्याला ठाऊक होती, आणि ती टिकवायची तर बांध वेळेवर दुरुस्त होणे एवढाच उपाय आहे.

कायद्याची चौकट : पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ रोजी निघाली. तिने समुद्रकाठी भरतीच्या कमाल रेषेपासून ५०० मी.पर्यंतच्या जमिनीचे वर्गीकरण केले आणि ग्रामीण भागात पहिले २०० मी. बांधकामासाठी वर्ज्य ठरवले. ६ जानेवारी २०११ च्या अधिसूचनेने मच्छीमारांच्या राहत्या घरांचा विचार केला, मालवण आणि आचरा-रत्नागिरी हे पट्टे अतिसंवेदनशील किनारी क्षेत्रांत घातले आणि प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक किनारी समाजाच्या किमान तीन प्रतिनिधींसह समिती असावी असे सांगितले. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने दर चौ.किमी.ला २,१६१ हून अधिक लोकवस्ती असलेल्या ग्रामीण भागात वर्ज्य पट्टा ५० मी.पर्यंत आणला, इतर गावांत तो २०० मी. राहिला. खाडीकाठचा पट्टाही या अधिसूचनेने आखडला. दाट वस्तीच्या कोळीवाड्यांना घर बांधायला जागा हवी हे खरे. पण मोकळी झालेली जमीन कोळ्याच्या घराला मिळेल की विश्रामगृहाला, याची हमी अंतर मोजणाऱ्या नियमात नसते.

खारफुटीबाबत मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आदेश दिला आणि २०१८ च्या निकालात खारफुटीचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग मानला. राज्याच्या वन विभागात २०१२ पासून स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे, आणि २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्षाचा मान मिळाला.

पाण्याची गुणवत्ता : केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने किनारी पाण्याचे वापरानुसार पाच वर्ग केले आहेत. शिंपल्यांची मासेमारी आणि मिठागरे यांसाठीच्या पहिल्या वर्गात विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ५ मिग्रॅ. असावा लागतो, पोहण्याच्या पाण्याच्या दुसऱ्या वर्गात तो ४ मिग्रॅ. आणि विष्ठाजन्य जिवाणूंची मर्यादा १०० मिलि.मागे १०० अशी आहे. ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या (एक प्रकारचे शिंपले), कालवे आणि खुबे गोळा करणाऱ्या बायकांच्या दृष्टीने हे आकडे पोटापाण्याचे आहेत, कारण तिसऱ्या आणि कालवे पाणी गाळून अन्न मिळवतात आणि पाण्यातली घाणही अंगात साठवतात. महाड, रोहे आणि लोटे-परशुराम या रासायनिक वसाहती नद्यांच्या खोऱ्यांत आहेत आणि त्यांच्या सांडपाण्याचा शेवट सावित्री, कुंडलिका आणि वाशिष्ठीच्या खाड्यांत होतो. दाभोळ खाडीतले मच्छीमार मासे मरण्याच्या घटनांबद्दल दीर्घकाळ दाद मागत आले आहेत. घराघरांतून होणारे प्रदूषण इतके डोळ्यांत भरत नाही, पण ते सर्वत्र आहे. जांभ्यात किंवा वाळूत खणलेला शोषखड्डा सांडपाणी नीट गाळण्याआधीच पुढे सोडतो, म्हणून तो विहिरीच्या वरच्या अंगाला कधीही नसावा. जुनी माणसे गोठा आणि विहीर यांच्या जागा उताराचा विचार करून ठरवत; आज तुकडे पाडून विकलेल्या भूखंडांवर प्रत्येक जण फक्त आपल्या कुंपणाच्या आत पाहतो.

पुळण आणि धूप : वाळूची टेकडी हा पुळणीचा साठा असतो. पावसाळ्यात लाटा तिची वाळू ओढून नेतात आणि हिवाळ्यात पुन्हा आणून टाकतात. मर्यादवेल आणि केतकी तिला धरून ठेवतात. टेकडी सपाट करून रस्ता किंवा भिंत घातली की ही देवघेव थांबते. दगडी धूपप्रतिबंधक बंधारा मागची वस्ती वाचवतो, मात्र त्याच्या पुढ्यातली पुळण खचते आणि लाटांचा मारा बंधाऱ्याच्या टोकापलीकडे सरकतो. त्यामुळे एका वाडीची मागणी शेजारच्या वाडीची अडचण ठरते. बंधाऱ्याचा निर्णय सगळ्या पुळणीचा म्हणून घ्यावा लागतो. मंडणगड तालुक्यातल्या वेळास येथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी गावकऱ्यांनी राखली, त्यामागे पुळण मोकळी राहिली हीसुद्धा मोठी गोष्ट होती.

गावाचा आराखडा : महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली प्रादेशिक योजना होतात, आणि ग्रामपंचायत दरवर्षी आपला विकास आराखडाही करते. पहिली योजना गावापासून फार दूर असते. दुसरा आराखडा कामे आणि निधी यांचा असतो, जमिनीचा नव्हे. पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गटाने २०११ च्या अहवालात असे निर्णय ग्रामसभांच्या सहभागाने व्हावेत असा आग्रह धरला होता. प्रत्यक्षात सुरुवात नकाशापासून करावी लागते. १:४,००० प्रमाणाचा, गट क्रमांक दाखवणारा नकाशा ग्रामपंचायतीत लावून त्यावर झरे, पऱ्ये, देवराई, उघाड्या, होड्या लावण्याची जागा, मासळी वाळवण्याची खळी आणि उधाणाचे पाणी आजवर पोचले त्या खुणा भरायच्या. यांतल्या बहुतेक गोष्टी कोणत्याही दप्तरात नसतात. त्या खारवी, गाबीत, आगरी या किनाऱ्यावरच्या समाजांतल्या माणसांना आणि विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायकांना माहीत असतात, म्हणून हा नकाशा भरायची बैठक समुद्रावर जाणारी माणसे घरी असतील अशा वेळी, शक्यतो पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीच्या काळात, घ्यावी लागते.