ऑनलाइन सातबाऱ्याआधीचं काम

सातबारा आता 15 रुपयांत मोबाईलवर मिळतो, डिजिटल सहीचा, त्यामुळे वेबसाइट बनवली की झालं असं लोकांना वाटतं. जमिनीच्या नोंदी कॉम्प्युटरवर घ्यायची केंद्राची योजना 1988-89 ची आहे आणि आपल्याकडे महाराष्ट्रात डिजिटल सहीचा उतारा आला 1 मे 2018 ला, यावरूनच कळतं खरं काम किती होतं. डिजिटल सहीला कायद्याची मान्यता तर 2000 च्या आयटी कायद्यातच मिळाली होती.

अडलं होतं नोंदींवर. ऑपरेटरने जुन्या वहीवरून टाइप केलं, पण तलाठी वहीत फेरफार, म्हणजे हक्कातल्या बदलांच्या नोंदी, लिहीतच राहिले, म्हणजे एकाच गटाचे (जमिनीच्या तुकड्याचे) दोन सातबारे. शेजारी कर्नाटकात जमिनीच्या नोंदींची 'भूमी' ही कॉम्प्युटर प्रणाली आली तेव्हा हस्तलिखित उतारा देणं थेट बंद केलं, आपल्याकडे दोन्ही वर्षानुवर्षं सोबत चालले आणि माझ्या मते सगळ्यात महाग पडलं ते हेच, कारण महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे सातबाऱ्यावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, मग कुणाचं क्षेत्र दहा गुंठे कमी टाइप झालं तर ते चुकलंय हे सिद्ध करायचं कुणी, तर त्या शेतकऱ्यानेच.

पुढे ई-फेरफार आलं, म्हणजे फेरफारही कॉम्प्युटरवरच, मग री-एडिट, म्हणजे टाइप झालेल्या नोंदींची दुरुस्ती. कॉम्प्युटरवरचा सातबारा हस्तलिखिताशी तंतोतंत जुळवायचा असा नियम केला, गावोगाव चावडी वाचन घेतलं, म्हणजे सातबारे गावासमोर वाचून दाखवले, हरकती मागवल्या. चावडी वाचन फार चांगली गोष्ट होती, जिथे नीट झालं तिथे खातेदारांनी स्वतः चुका दाखवल्या. पण काही ठिकाणी नुसतं कागदावर उरकलं आणि मुळात वहीतच चूक असेल (खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज गटाच्या क्षेत्राशी न जुळणं तर कितीतरी ठिकाणी) तर जुळवून काय होणार, तीच चूक पक्की.

अशा चुका दुरुस्त करायला त्याच संहितेचं कलम 155 वापरलं. हे कलम लेखनप्रमादासाठी, म्हणजे लिहिताना झालेल्या चुकीसाठी आहे, त्याच्या आडून तहसीलदाराच्या आदेशाने नावं आणि क्षेत्र बदलल्याच्या तक्रारी आल्या. लेखनप्रमाद कुठे संपतो आणि हक्काचा वाद कुठे सुरू होतो ही रेघ ऑनलाइन जायच्या आधी लिहून ठेवायला हवी होती, ती नव्हती म्हणून ज्याचं नाव गेलं तो आज अपील घेऊन प्रांत ऑफिसच्या तारखा करतोय.