मूरिश कला व वास्तुकला

उत्तर आफ्रिकेचा पश्चिम भाग आणि आयबेरियन द्वीपकल्प (आजचे स्पेन व पोर्तुगाल) येथे साधारणपणे आठव्या ते पंधराव्या शतकांत मुस्लिम राजवटींच्या आश्रयाने बहरलेली कलापरंपरा. ‘मूर’ हा शब्द रोमनांनी मॉरेटेनियातील लोकांना दिलेल्या ‘माउरी’ या नावावरून आला. पुढे तो सरसकट वापरला गेला. पोर्तुगीजांनी भारतातल्या मुसलमानांनाही ‘मौरो’च म्हटले. ज्यांना हे नाव चिकटले ते मात्र स्वतःला मूर म्हणवत नसत. त्यांच्या लेखी आपला मुलूख ‘अल्-अंदलुस’ होता, आणि ही कला घडवणाऱ्या हातांत अरब, बर्बर, धर्मांतरित स्थानिक, ज्यू व ख्रिस्ती असे सगळेच होते. म्हणून ‘अंदलुसी’ हे विशेषण अधिक नेमके ठरते. येथे रूढ नाव ठेवले आहे ते केवळ वाचकाला ओळखीचे म्हणून.

७११ मध्ये तारिक इब्न झियादचे सैन्य जिब्राल्टरची सामुद्रधुनी ओलांडून आले. उमय्या खलीफांचे घराणे उलथवणाऱ्या अब्बासींच्या कत्तलीतून निसटलेला त्या घराण्यातील राजपुत्र पहिला अब्द अर्-रहमान ७५६ मध्ये कॉर्दोबाचा अमीर झाला. ९२९ मध्ये तिसऱ्या अब्द अर्-रहमानने स्वतःला खलीफा घोषित केले. १०३१ मध्ये खिलाफत मोडून लहान लहान ‘तैफा’ राज्ये झाली. त्यानंतर आफ्रिकेतून अल्मोराविद व अल्मोहाद ही बर्बर घराणी आली आणि शेवटी १४९२ पर्यंत ग्रानादाचे नस्रिद टिकले. कलेचे कालखंडही ढोबळमानाने असेच पाडतात.

कॉर्दोबाची मशीद : या परंपरेची पहिली मोठी वास्तू. बांधकाम ७८५-८६ च्या सुमारास सुरू झाले असे सामान्यतः मानतात. मूळ सभागृहात अकरा दालने होती. खांब बहुतेक जुन्या रोमन व व्हिसिगॉथिक (मुसलमानांपूर्वी येथे राज्य करणाऱ्या जर्मानिक लोकांच्या) इमारतींतून काढून आणलेले, त्यामुळे कोणी उंच, कोणी ठेंगणा, कोणाचा दगड निळसर तर कोणाचा गुलाबी. एवढ्या ठेंगण्या खांबांवर थेट छत टाकले असते तर सभागृह कोंदट झाले असते. गवंड्यांनी यावर काढलेली तोड विलक्षण आहे. त्यांनी खांबावर दगडी जोता चढवला आणि कमानींचे दोन मजले केले. वरची अर्धवर्तुळाकार कमान छताचा भार घेते. खालची, मोकळ्या हवेत झुलल्यासारखी दिसणारी नालाकार कमान दोन खांबांना एकमेकांपासून ढळू देत नाही. कमानीत एक पाचर पांढऱ्या दगडाची, पुढची लाल विटांची, असा क्रम आहे. मेरिदा येथील ‘लोस मिलाग्रोस’ या रोमन जलवाहिनीत कमानींचे मजले आणि दगड-विटांचे आलटून पालटून थर दोन्ही आढळतात. दमास्कसच्या मोठ्या मशिदीतही दुहेरी कमानी आहेत, पण तेथे वरची रांग लहान व भिंतीत बसवलेली आहे. रचनेच्या दृष्टीने मेरिदाचे उदाहरण अधिक जवळचे वाटते.

खलीफा दुसऱ्या हकमने ९६० च्या दशकात केलेला विस्तार सर्वांत श्रीमंत. त्याच्या मेहराबीवरील (मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यावरील) काचमण्यांच्या कामासाठी बायझंटिन सम्राटाने कारागीर व साहित्य पाठवल्याचे अरबी इतिहासकार नोंदवतात. मेहराबीसमोरच्या घुमटात दगडी फासळ्या मध्यबिंदूत मिळत नाहीत. त्या एकमेकींना छेदून मध्ये अष्टकोन मोकळा सोडतात. ९८७ नंतर खिलाफतीचा कारभार पाहणाऱ्या अल्-मन्सूरने पूर्वेकडे वाढवलेल्या भागात लाल-पांढरा फरक बराचसा रंगाने भागवलेला आहे. १२३६ मध्ये शहर ख्रिस्ती सत्तेत गेले आणि १५२३ पासून मशिदीच्या ऐन मध्यात कॅथीड्रल उभे राहू लागले. त्यासाठी खांब काढले गेले. तरीही आठशेहून अधिक खांब आज उभे आहेत.

नालाकार कमानीचा प्रश्न : अर्धवर्तुळ पुरे झाल्यावरही दोन्ही टोके आत वळवलेली ही कमान मूरिश वास्तूची खूण मानली जाते. ती आली कोठून, हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. ही कमान अरबांनी पूर्वेकडून आणली असा समज पूर्वी होता. त्याला आधारही आहे : निसिबिस (आजच्या तुर्कस्तानात) येथील चौथ्या शतकातील बाप्तिस्मागृहात आणि सिरियातील काही बायझंटिन वास्तूंत हा आकार दिसतो. १९०६ मध्ये स्पॅनिश पुरातत्त्वज्ञ मानुएल गोमेस-मोरेनो यांनी या कमानीवर स्वतंत्र प्रबंध लिहून हा आकार इस्लामच्या आधीपासून आयबेरियात होता असे मांडले. उत्तर स्पेनमधील रोमनकालीन थडग्यांच्या शिळांवर तो कोरलेला आहे आणि ६६१ चा शिलालेख असलेल्या सान हुआन दे बान्योस या व्हिसिगॉथिक चर्चमध्ये तो बांधकामात उतरला आहे. त्यांनी मोजमापांवरून भेदही दाखवला. व्हिसिगॉथिक कमान अर्धवर्तुळाच्या खाली त्रिज्येच्या सुमारे एक-तृतीयांश उतरते. कॉर्दोबाची निम्म्यापर्यंत उतरते आणि अधिक मिटलेली दिसते.

१९९० च्या दशकापासून लुईस काबायेरो सोरेदा आदींनी या मांडणीच्या पायालाच हात घातला. ज्यांना आपण व्हिसिगॉथिक म्हणतो अशी अनेक चर्चे ७११ नंतरची असून त्यांच्यावरच उमय्या कलेचा प्रभाव आहे, असे त्यांचे म्हणणे. हे सर्वस्वी मान्य केले तर उसनवारीची दिशाच उलटते. मात्र थडग्यांच्या शिळांना हा आक्षेप लागू पडत नाही. आकाराची ओळख स्थानिक, तिचे प्रमाण आणि तिला दिलेली चौकट (‘अल्फिस’ ही चौकोनी पट्टी) मात्र कॉर्दोबाच्या गवंड्यांची, हे मत आज तरी अधिक ग्राह्य दिसते.

या संदर्भात भाजे, कार्ले, अजिंठा येथील चैत्यगवाक्षांचाही उल्लेख केला जातो. आकार खरोखरच तसाच भासतो. परंतु ती लेणी अखंड खडकात खोदलेली आहेत आणि तो आकार लाकडी वाशांच्या वळणदार छपराची दगडात केलेली नक्कल आहे. पाचरदगड एकमेकांवर रेलून भार पेलतात ती बांधीव कमान वेगळी. दोहोंत नाते जोडण्याइतका मधला दुवा नाही.

खिलाफतीनंतर : कॉर्दोबाजवळ ९३६ च्या सुमारास सुरू झालेले मदीनत अझ्-झहरा हे राजनगर यादवीत १०१० च्या आसपास उद्ध्वस्त झाले. तेथील संगमरवरी पट्ट्यांवर इतकी खोल कोरणी आहे की पानाफुलांच्या मागे सावलीच दिसते. सारागोसाच्या अल्-हाफेरिया राजवाड्यात (अकराव्या शतकाचा उत्तरार्ध) कमानी एकमेकींत गुंततात आणि त्यांचे भार वाहण्याचे काम मागे पडून शोभा पुढे येते. अल्मोहाद काळातील सेव्हिलचा मिनार (११८४–९८), आजचा हिराल्दा, माराकेशच्या कुतुबिया मिनाराचा सोयरा. त्याच्या आत जिन्याऐवजी चढण आहे, घोड्यावर बसूनही वर जाता यावे इतकी रुंद.

अल्हांब्रा : ग्रानादाच्या टेकडीवर नस्रिद घराण्याचा संस्थापक पहिला मुहम्मद याने १२३८ मध्ये कामाला आरंभ केला; आज जे पाहिले जाते ते मुख्यतः पहिला यूसुफ (१३३३–५४) व पाचवा मुहम्मद (१३५४–५९, १३६२–९१) यांचे. बाहेरून हा साधा लालसर मातीचा कोट आहे. आतही माती, विटा, लाकूड आणि चुनेगच्ची हेच मुख्य साहित्य. ऐश्वर्य सारे हातकामात आहे. कोमारेस मनोऱ्यातील दिवाणखान्याचे छत आठ हजारांवर लाकडी तुकडे जोडून केलेले असून त्यात सात स्वर्गांची कल्पना असावी. ‘दोन बहिणीं’च्या दालनावर मुकर्नस घुमट आहे. मुकर्नस म्हणजे लहान लहान कोनाड्यांचे थर एकावर एक पुढे काढत नेणे. सुमारे पाच हजार तुकड्यांच्या या घुमटाला खालून खिडक्यांतून उजेड मिळतो, आणि सूर्य सरकेल तसे कोनाडे भरतात व रिकामे होतात.

सिंहांच्या चौकात १२४ खांब असून मध्ये बारा सिंहांच्या पाठीवर कारंजे आहे. त्याच्या काठावर इब्न झम्रक या वजीर-कवीचे काव्य कोरलेले आहे. पाणी वाहते की संगमरवर वाहतो हे डोळ्यांना कळेना, अशी त्यातली कल्पना. हे सिंह अकराव्या शतकातील एका ज्यू वजिराच्या वाड्यातले असावेत, असे फ्रेडरिक बार्गेबुर यांनी १९५० च्या दशकात ज्यू कवी इब्न गबिरोलच्या कवितेच्या आधारे सुचवले. तर्क आकर्षक असला तरी शैलीवरून सिंह चौदाव्या शतकाचेच मानणे आता अधिक रूढ आहे. या सर्व पाण्याचा उगम दारो नदीवरून काढलेल्या पाटात आहे. पाट, हौद व राहाट यांच्या कौशल्याविना अल्हांब्राची कल्पनाच करता येत नाही.

कारागिरी : भिंतींच्या खालच्या भागावरील फरशीकाम अल्हांब्रात जवळून पाहिले तर प्रत्येक तारा, प्रत्येक पट्टी हा वेगळा तुकडा असल्याचे कळते. मोरोक्कोत हे काम अजून चालते. एका रंगात झिलई दिलेली चौकोनी फरशी घेऊन धारदार हातोडीने आकार छाटतात, कड मागच्या बाजूने तिरपी तासतात, तुकडे पालथे मांडतात आणि पाठीवर गच ओततात. रचना पुरी होईपर्यंत कारागिराला रंग दिसत नाहीत. नक्षी त्याच्या ध्यानातच असते. मालागाची सोनेरी चमक असलेली भांडी युरोपभर जात. हस्तिदंती डब्यांत ९६८ चा अल्-मुगीराचा डबा (लूव्र, पॅरिस) सर्वोत्तम. त्यावर माणसे व प्राणी असल्याने इस्लामी कलेत आकृती नसतेच हा समज खोटा ठरतो. रेशमी वस्त्रांचे मोठे नमुने बुर्गोसच्या लास उएल्गास मठातील ख्रिस्ती राजांच्या थडग्यांत मिळाले.

प्रभाव : ख्रिस्ती सत्तेखाली राहिलेल्या मुसलमानांना ‘मुदेहार’ म्हणत, कलेच्या संदर्भात ही संज्ञा १८५९ मध्ये होसे आमादोर दे लोस रीओस यांनी रुजवली. तेरुएलचे विटांचे मनोरे, तोलेदोची सिनेगॉगे आणि सेव्हिलमधील पहिल्या पेद्रोचा राजवाडा (१३६४) ही तिची उदाहरणे. त्या राजवाड्यावर ख्रिस्ती राजाची स्तुती अरबी लिपीत आहे. कॉर्दोबाच्या छेदक फासळ्यांतून गॉथिक घुमटाची कल्पना निघाली, हे मत एकेकाळी मांडले गेले. गॉथिक फासळ्या मध्यात मिळतात व भार वाहतात, त्यामुळे ते जपूनच घ्यावे. मात्र नावारेतील तोरेस देल रीओचे चर्च उघडउघड कॉर्दोबाचे ऋणी आहे. एकोणिसाव्या शतकात ओवेन जोन्सने अल्हांब्राचे मोजमापांसह आराखडे प्रसिद्ध केल्यावर (१८४२–४५) युरोपात मूरिश धाटणीची लाट आली. बुडापेस्टचे दोहान्य रस्त्यावरील सिनेगॉग (१८५९) त्यातले.

भाषेतही हा वारसा मुरला आहे. स्पॅनिशमध्ये गवंडी (‘आल्बान्यील’), पाट (‘आसेकिया’) आणि राहाट (‘नोरिया’) हे शब्द अरबीतून आले. ‘आझुलेजो’ हा पोर्तुगीज शब्द अरबी ‘अझ्-झुलैज’वरून आला, पोर्तुगालचा राजा मानुएल याने सिंत्राच्या राजवाड्यासाठी सेव्हिलच्या फरशा आणवल्या होत्या. पणजीच्या मिनेझीस ब्रागांझा संस्थेच्या दालनात १९३५ ची निळी-पांढरी चित्रफरशी आहे. तिच्यावरील रंगवण्याची रीत पुढच्या काळातली, इटली व हॉलंडकडून आलेली. भिंत फरशीने मढवण्याची सवय आणि तिचे नाव मात्र अंदलुसकडचे.